शटर, ग्रिल, वेबसाइट

केळीचा चीक कपड्याला लागला की तो डाग जात नाही. साबण लावा, सोडा लावा, लिंबू चोळा. आधी तांबूस दिसतो, मग काळा पडतो आणि कापड फाटेपर्यंत राहतो. यावलकडच्या आमच्या गावात कोणाचा बाप बागायतदार आणि कोणाचा बाप घड वाहणारा, हे शाळेत आडनाव न विचारता कळायचं. माझे वडील कापणीच्या टोळीत होते. बागेतून घड खांद्यावर घ्यायचा, चिखलातून रस्त्यापर्यंत आणायचा आणि गाडीत लावायचा. त्यांच्या जुन्या शर्टाचं आईने मला दप्तर शिवलं होतं. त्यावर एवढे काळे डाग होते की बाईंनी एकदा विचारलं, "शाई सांडली का गं?" मी "हो" म्हणाले.

गाडी आली नाही की कापणी नाही, आणि कापणी नाही की मजुरी नाही. वादळात बागा आडव्या झाल्या की नुकसान बागायतदाराचं व्हायचं, पण चूल आमची थंड पडायची. उन्हाळ्यात आई ज्वारीचे बिबडे करायची. लसूण-मिरची-तीळ घालून शिजवलेलं पीठ ओल्या कापडावर पातळ थापायचं, पत्र्यावर वाळवायचं, टोपलीत भरायचं आणि दारोदार फिरायचं. बागायतदारांच्या घरी ती मागच्या दाराला उभी राहायची.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. कॉम्प्युटरमध्ये बी.एस्सी., धुळ्याला वसतिगृहात राहून. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते.

पदवी घेऊन मी नोकरी शोधत होते, तेव्हा धुळ्यात पाचव्या गल्लीच्या आसपास एक पाटी दिसली: "शटर, ग्रिल, वेबसाइट". तिन्ही शब्द एकाच मापाचे, एकाच निळ्या रंगात. मला वाटलं, रंगवणाऱ्याने दोन दुकानांच्या पाट्या एकत्र केल्या असतील. खाली वेल्डिंग चाललं होतं. जिना चढून वर गेले, तर खोलीत तीन कॉम्प्युटर, आणि त्यांच्या मधोमध स्टुलावर एक साठीच्या बाई, हातात तेलाची झारी.

त्या अक्का. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची. नवऱ्याचा शटरचा कारखाना. नवरा गेल्यावर तो त्यांनीच चालवला. मग गिऱ्हाइकं म्हणायला लागली, "अक्का, आता दुकान नेटवर टाकायचंय." अक्कांचं म्हणणं, दुकान कुठेही टाका, शटर लागणारच, आणि धुळ्यात शटर आम्हीच बसवतो. म्हणून त्यांनी कॉम्प्युटर घेतले आणि शिकलेली पोरं ठेवली. त्यांना स्वतःला टायपिंग येत नव्हतं. पण एखादी साइट पाहायची असली की त्या स्क्रीनवर बोटाच्या पेराने ठकठक करायच्या, शटरवर करतात तशी, आणि आवाज ऐकल्यासारखी मान हलवायच्या. काय ऐकू यायचं त्यांना, देव जाणे.

मुलाखतीत त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. अहिराणीत, कारण त्या सगळ्यांशी अहिराणीतच बोलायच्या, बँकेच्या साहेबाशीसुद्धा.

"रातले दुकान उघाडं ठेवो का बंद?"

मी म्हणाले, "बंद."

"ये उद्यापासून."

या एका उत्तराने पुढे काय होणार आहे, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

पहिल्याच आठवड्यात कळलं की अक्कांकडच्या सगळ्या साइटी रात्री नऊला बंद होतात. खरंच बंद. पितळी भांड्यांचं दुकान असो, साडीवाला असो, फरसाणवाला असो, नऊ वाजले की साइटवर एक करडं शटर यायचं आणि त्यावर लिहिलेलं असायचं, "दुकान बंद आहे. सकाळी या." बाजार बंदच्या वारी तर दिवसभर तेच.

मी म्हणाले, "अक्का, वेबसाइट रात्री बंद करत नाहीत."

"काब्रं?" त्यांनी कारण विचारलं.

"लोक रात्रीच नेटवर बसतात."

"चोर कव्हय येतस?"

चोर कधी येतात ते मला माहीत होतं. आमच्याकडच्या नोंदींत खरोखर दिसायचं की पासवर्ड ओळखून आत शिरायचे प्रयत्न रात्रीच जास्त होतात. पण त्यावर उपाय म्हणून दुकानच बंद करायचं? कॉलेजात सुरक्षेचा एक अख्खा विषय होता, त्यात मला चांगले गुण होते, आणि त्यात शटर कुठेच नव्हतं. अक्का चुकतायत हे मला दिसत होतं. कुठे चुकतायत हे सांगायला गेले की माझंच वाक्य अर्ध्यावर अडायचं.

कारण बाकीच्या बाबतीत त्या बरोबर निघायच्या. दर सोमवारी त्या झारी घेऊन खालच्या शटरांना तेल घालायच्या आणि वर येऊन म्हणायच्या, "आते तुम्हनं तेल." म्हणजे आम्ही सगळ्या साइटींचे अपडेट करायचे, जुने भाग काढून नवे टाकायचे आणि प्रत्येक साइटीची एक प्रत वेगळ्या कॉम्प्युटरवर ठेवायची. ही शिस्त मी नंतर मोठमोठ्या ऑफिसांतही पाहिली नाही. अपडेट म्हणजे काय हे अक्कांना माहीत नव्हतं. सोमवारी तेल घालतात, एवढंच त्यांना माहीत होतं.

सर्चमध्ये वर यायचं कसं, याचीही त्यांची रीत होती. भांडीवाल्या शेठने साइटीसाठी स्वतः मजकूर लिहून आणला होता: "उच्च प्रतीच्या धातुपात्रांचे विश्वसनीय दालन." अक्कांनी तो माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला आणि विचारलं, "तुन्हा दुकानमा येईसन बाया काय मांगतस?"

"काय मागणार अक्का? पितळी पातेलं, घंगाळ, कळशी."

"मंग तेच लिख. धातुपात्र मांगाले कोन येई?"

लिहिलं. थोड्या दिवसांत "पितळी पातेलं धुळे" शोधलं की शेठच वर दिसायला लागले. शेठ पेढे घेऊन आले आणि म्हणाले, "अक्का, आता अख्ख्या महाराष्ट्रात पहिला नंबर आणा."

"गल्लीमा तुन्हं दुकान पहिलं शे का?"

"नाही, सातवं आहे."

"तठे चालस ना? मंग आठेबी चालू दे."

आता मुख्य गोष्ट, शेजाऱ्याच्या किल्लीची. धुळ्याच्या गल्ल्यांत दुकानाची दुसरी किल्ली शेजारच्या दुकानात ठेवतात. मालक लग्नाला गेला, आजारी पडला, माल घेऊन टेम्पो आला, तर शेजारी शटर उघडून माल आत घेतो. यात कोणाला काही विशेष वाटत नाही. अक्कांनी हाच नियम साइटींना लावला. पासवर्डला त्या किल्लीच म्हणायच्या. प्रत्येक गिऱ्हाइकाची दुसरी किल्ली त्याच्या शेजाऱ्याकडे. पण नेटवर शेजारी कोण? अक्कांनी तेही ठरवून टाकलं होतं. तुमच्या पाठोपाठ जो कोणी आमचा जिना चढला, तो तुमचा शेजारी.

मी म्हणाले, "अक्का, पासवर्ड दुसऱ्याला देत नसतात. हा पहिला नियम आहे."

"तू वसतिगृहमा आजारी पडनी तर तुन्ही खोली कोन उघाडी?"

"मैत्रीण."

"मंग?"

आणि पुन्हा गंमत अशी, की एकदा भांडीवाले शेठ दवाखान्यात दाखल झाले, तेव्हा त्यांच्या शेजारी ठरलेल्या साडीवाल्याने स्वतःहून साइटीवर लिहिलं, "शेठ दवाखान्यात आहेत. मागणी उशिरा पोचेल, पण पोचेल." एकाही गिऱ्हाइकाने मागणी रद्द केली नाही. मी कॉलेजात शिकले ते खरं, की हे खरं?

त्याच सुमारास वडिलांचा खांदा गेला. इतकी वर्षं घड वाहिलेला खांदा. एक दिवस हात डोक्यापर्यंत जाईना. डॉक्टर म्हणाले, आता ओझं नाही. घरी कमावणारी मी एकटी, आणि आईचे उन्हाळ्यातले बिबडे. मी अक्कांना विचारून आईची साइट केली. काय लिहायचं हे ठरलेलंच होतं: बिबडे म्हणायचं, ज्वारीचे पापड म्हणायचं नाही. पुण्या-नाशकाकडे गेलेली खान्देशातली माणसं "खान्देशी बिबडे" असंच शोधतात. मागण्या यायला लागल्या. आईने टोळीतल्या गड्यांच्या बाया मदतीला घेतल्या आणि पुढच्या उन्हाळ्यासाठी भरपूर ज्वारी भरली. उन्हाळा आला तसे घरातले सगळे पत्र्याचे डबे बिबड्यांनी भरले. वडील एका हाताने डब्यांची झाकणं लावायचे. घराचा सगळा भार आता त्या डब्यांवर होता.

आईच्या पाठोपाठ अक्कांचा जिना चढलेलं गिऱ्हाईक म्हणजे पिंपळनेरचे एक मंगल कार्यालयवाले भाऊ. म्हणजे ते आईचे शेजारी. यावल आणि पिंपळनेर ही खान्देशाच्या दोन टोकांना, पण नियम म्हणजे नियम. आईची दुसरी किल्ली भाऊंकडे गेली.

ऐन हंगामात मागण्या थांबल्या. आधी कमी झाल्या, मग एकही नाही. मी साइट उघडून पाहिली, तर सगळं ठीक: बिबडे, आईचा फोटो, फोन नंबर. आईने गावात शेजारणीच्या मोबाइलवर पाहिली, तीही ठीक. मग पुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंचा आईला फोन आला आणि आईने लगेच मला लावला.

"काय वं, त्या बाई म्हनता की सर्चमधी आपलं नाव काढलं तं परदेशी अक्षरं येता. अन् औषधं. आपन औषधं कधी इकाले लागलो?"

"काहीतरी चुकलं असेल माय."

"वर लिहेल हाये म्हने, या साइटवर जाऊ नका, धोका हाये. मह्या बिबड्यात कायचा धोका हाये वं?"

मी सर्चमध्ये जाऊन पाहिलं. आईच्या नावाखाली कुठल्यातरी परक्या लिपीत ओळीच्या ओळी, घड्याळं, बूट, औषधं. त्यावर टिचकी मारली की भलत्याच दुकानात. आणि पत्ता स्वतः टाइप करून गेलं की पुन्हा आपली शांत, गुणी साइट. मालकाला एक दिसतं आणि शोधणाऱ्याला दुसरं. असं होऊ शकतं हे मी पुस्तकात वाचलं होतं. स्वतःच्या आईच्या नावाखाली पाहिल्यावर मात्र मी पान बंद करून पुन्हा उघडत बसले, जणू दहाव्यांदा उघडल्यावर शहाणं होईल.

अक्का येऊन मागे उभ्या राहिल्या. स्क्रीनवर ठकठक केलं.

"कुलूप तोडेल शे, का किल्लीघाई उघाडेल शे?"

म्हणजे, तोडून शिरले की किल्लीने उघडून. मी म्हणाले, "अक्का, इथे तसं नसतं." आणि म्हणता म्हणता नोंदी पाहिल्या. तसंच होतं. तोडफोड कुठेच नव्हती. कोणीतरी बरोबर पासवर्ड टाकून, दिवसाढवळ्या, पुढच्या दाराने आत आलं होतं. दुसऱ्या किल्लीने.

दुसऱ्या दिवशी आम्ही साक्रीमार्गे जाणाऱ्या बसने पिंपळनेरला निघालो. अक्कांनी पिशवीत एक नवंकोरं कुलूप घेतलं होतं. चोरी झाली की नवं कुलूप घेऊन जायचं, ही त्यांच्या धंद्याची रीत. हे कुलूप कुठे लावणार, असं विचारायचं मला धाडस झालं नाही.

भाऊ म्हणजे दिलदार माणूस. आम्हाला पाहताच त्यांनी आतल्या मावशींना हाक मारून शेवभाजी टाकायला सांगितली. नुकतंच एक लग्न उरकलं होतं. खुर्च्यांच्या चळती लावलेल्या आणि मांडवात फुलं पडलेली. अक्कांनी बसता बसता विचारलं, "भाऊ, किल्ली कोना जोडे शे?"

"मन्हा जोडेच शे," म्हणत भाऊंनी खिसा थोपटला.

"कोले दिन्ही व्हती का?"

भाऊंचा चेहरा खुलला. "दिन्ही ना! एक साहेबना फोन उना व्हता. हिंदीमा बोले. इतलं चांगलं बोलस तो, काय सांगू! म्हने, 'आपकी साइट सबसे ऊपर लाएंगे, बस चाबी दे दो.' दी टाकी."

"तुन्ही?"

"मन्हीबी आणि हाई पोरनी मायनीबी." भाऊ माझ्याकडे वळले आणि मायेने मराठीत म्हणाले, "म्हटलं, ताई, मी एकटाच वर जाऊन काय करू? शेजारीण खाली राहील ना. तुझी आई एवढी कष्टाची. म्हटलं, साहेब, तिचंही वर येऊ द्या. आलं का वर?"

भाऊंना शिव्या द्याव्यात असं तोंडापर्यंत आलं होतं. पण त्यांनी माझ्या आईचं घर बुडवायला घेतलं, तेही तिच्याच भल्यासाठी. मी मोबाइल काढून त्यांना त्यांचंच कार्यालय सर्चमध्ये दाखवलं. त्यांच्याही नावाखाली परकी अक्षरं आणि बुटांची जाहिरात.

भाऊंनी डोळे बारीक करून पाहिलं. "बूट? जाऊ दे. लगीनमा बूटबी लागतसच."

अक्कांनी पिशवीतून ते नवं कुलूप काढलं आणि भाऊंच्या हातात ठेवलं. "हाई ले. लाव."

"कोठे लावू अक्का?"

"तोंडले."

भाऊ इतके हसले की आतून मावशी बाहेर आल्या. मग मी सगळं समजावून सांगितलं, तेव्हा मात्र त्यांनी कुलूप मांडीवर ठेवलं. "म्हणजे ताई, डबे तसेच पडले?" "हो भाऊ." शेवभाजी आली, पण त्यांच्याने जेववलं नाही. अक्का मात्र स्वतःच्या आणि त्यांच्याही वाटची जेवल्या.

परतताना बसमध्ये मी म्हणाले, "अक्का, शेजाऱ्याची किल्ली बंद करा."

"नही."

"मग निदान ओट्यापर्यंतची द्या. आतल्या खोलीची नको. तसं करता येतं. शेजाऱ्याला फक्त पाटी लिहिता येईल, बाकी काही हलवता येणार नाही."

साक्री आल्यावर अक्का म्हणाल्या, "असं शे तर आधी काब्रं नही सांगं?" मी आधी पासवर्ड देऊच नका म्हणत होते, आणि त्या द्याच म्हणत होत्या. मधली वाट आम्हा दोघींनाही दिसली नव्हती.

ऑफिसात येऊन मी सगळं धुऊन काढलं. सोमवारच्या तेलाच्या वेळी काढून ठेवलेल्या प्रती होत्या, त्यातली किल्ली जाण्याआधीची स्वच्छ प्रत लावली. सगळ्या किल्ल्या बदलल्या. भाऊंचंही साफ केलं. मग सर्चवाल्यांना कळवलं: घर स्वच्छ आहे, येऊन पाहा आणि तो धोक्याचा फलक काढा.

काही दिवसांनी उत्तर आलं: पाहता आलं नाही. पुन्हा अर्ज केला. पुन्हा तेच. मी चक्रावले. सगळं स्वच्छ होतं. मी ओळ न् ओळ तपासली होती. इकडे आईचा फोन आला. आवाज बारीक.

"तुह्या बाबांनी ते जुने शर्ट काढाले सांगितले. चिकाचे. उद्यापासून एका खांद्यावर नेईन म्हनता."

"माय, त्यांना थांबव."

"मी थांबवते. पन कितीक दिवस वं? बिबडे नरम पडले तं कोनी घेनार नाही."

फोन ठेवून मी पुन्हा नोंदी उघडल्या आणि यावेळी वेळ पाहिली. सर्चवाल्यांची तपासणारी यंत्रं आली होती. दोन्ही वेळा. दोन्ही वेळा रात्री नऊनंतर. त्यांना करडं शटर दिसलं होतं, त्यावर लिहिलेलं, "दुकान बंद आहे. सकाळी या." आणि ती आल्या पावली परत गेली होती.

सकाळी अक्का जिना चढून वर आल्या तशी मी त्यांच्यासमोर उभी राहिले. "अक्का, आईचं शटर रात्री वर ठेवायचं."

"मन्हा मुडदा पडी तव्हय."

"तपासणारा रात्री येतो."

"सरकारी माणूस दिवसले येस."

"हा सरकारी नाही. त्याचा दिवस म्हणजे आपली रात्र."

"मंग त्याले सांग, सकायले ये."

"तो कोणाचं ऐकत नाही, अक्का! आणि माझे वडील बागेत जायला निघालेत. एका खांद्याने."

अक्का जिन्याकडे वळल्या. वेल्डिंगचा आवाज येत होता. त्या खाली उतरल्या. मी खिडकीतून पाहिलं: त्या आमच्याच कारखान्यातल्या एका नव्या शटरसमोर उभ्या होत्या. वर करायच्या, खाली ओढायच्या, पुन्हा वर करायच्या. कामगार बाजूला होऊन बघत राहिले. मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही, की त्या काय ठरवत होत्या. रात्री शटर ओढायच्या त्या हट्टामागे काही जुनी गोष्ट होती का, हेही मला माहीत नाही. विचारलं होतं एकदा. त्यांनी माझ्या हातात झारी दिली होती.

चहा झाल्यावर वर आल्या. "उघाडं ठेव. पण एक गोष्ट. दुकान उघाडं आणि आत माणूस नही, हाई मी दखू शकत नही. आत माणूस पाहिजे."

"अक्का, साइटीच्या आत माणूस कसा बसवणार?"

"मी बससू. लिख."

आणि त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं. करड्या शटरच्या जागी, पानाच्या अगदी वर, एकच ओळ: "दुकान उघाडं शे. अक्का जागी शे."

मला वाटलं, चला, शब्दांवर भागलं. पण दुसऱ्या दिवशी अक्कांचे डोळे लाल होते. तिसऱ्या दिवशीही. मी विचारलं, तर म्हणाल्या, "लिखेल शे ना, जागी शे. मंग?" त्या खरोखर जागत होत्या. मोबाइलवर आईची साइट उघडायच्या, पाहायच्या, बंद करायच्या, पुन्हा उघडायच्या. मी हात जोडून सांगितलं की याची काही गरज नाही, राखण करायला प्रोग्राम लावलाय, काही हललं तर तो मला कळवेल. त्यांनी विचारलं, "तो जागा ऱ्हास का?" मी "हो" म्हणाले. "त्याले नाव शे का?" "नाही." "मंग लोके कोनावर इस्वास ठेवतीन?"



तपासणारा आला. शटर वर होतं. धोक्याचा फलक निघाला आणि परकी अक्षरं हळूहळू गळून पडली. वडील बागेत गेले नव्हते. आईने ते शर्ट कुठेतरी लपवले होते आणि सापडत नाहीत म्हणून स्वतःच शोधायचं सोंग करत होती.

मग आईचा फोन आला, आणि ती गोंधळलेली होती.

"काय वं, लोक फोन करता अन् बिबड्याचं इचारायच्या आधी दुसरंच इचारता."

"काय विचारतात?"

"म्हनता, 'अक्का जागी शे का?' अन् हसता. मंग मागनी देता. ही अक्का कोन? मी काय सांगू?"

मी सर्चमध्ये पाहिलं. आईच्या नावाखाली, जिथे परकी अक्षरं होती तिथे, यंत्राने पानाच्या वरची पहिली ओळ उचलून ठेवली होती: "दुकान उघाडं शे. अक्का जागी शे." पुण्यात, नाशकात, कुठेकुठे राहणारी आपली माणसं बिबडे शोधत होती आणि त्यांना शंभर नावांमध्ये एक ओळ घरच्या बोलीत दिसत होती. मी वर्गात शिकलेलं सगळं लावून हे केलं नव्हतं. अक्कांनीही हे डोक्यात ठेवून केलं नव्हतं. कोणी केलं, मला सांगता येणार नाही.

आईला म्हणाले, "सांग, जागी शे."

मी आता जळगावात स्वतःचं ऑफिस चालवते. सोमवारी तेल घालते, म्हणजे तुम्हाला कळलंच. शेजाऱ्याला ओट्यापर्यंतचीच किल्ली देते. गिऱ्हाईक विचारतं की पहिला नंबर आणाल का, तर गल्लीत तुमचं दुकान कितवं आहे ते विचारते. अक्का धुळ्यातच आहेत. वरच्या खोलीतलं काम दुसऱ्या मुली पाहतात, आणि पाटी तीच आहे. पिंपळनेरच्या भाऊंनी ते कुलूप गल्ल्याच्या वर खिळ्याला टांगून ठेवलंय. कोणी हिंदीत गोड बोलायला लागलं की ते कुलपाकडे बघतात म्हणे. अक्का शहाण्या की हट्टी, हे माझं अजून ठरलेलं नाही. परवा भेटल्या तेव्हा मी विचारलंच, "अक्का, अजून जागता का?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "लिखेल शे का अजून?"

लिहिलेलं आहे. मी ते काढलेलं नाही.

त्या उन्हाळ्यातले सगळे बिबडे पावसाच्या आधी विकले गेले. आईला कोणाच्या मागच्या दाराला उभं राहावं लागत नाही. माझ्या वडिलांनी त्यानंतर केळीचा घड उचलला नाही.